दहा रुपयांची निब

आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात हजेरीपटावर बासष्ट नावे आहेत. त्यांपैकी शाईच्या पेनाने लिहिणारे आम्ही तिघे. त्यांतील एकजण पेन केवळ सहीपुरते खिशाला लावतो, दुसऱ्या मैत्रिणीचे पेन महिन्यातील पंधरा दिवस माझ्याकडे दुरुस्तीला असते, आणि तिसरी मी. “अजून दौत-टाकाच्या काळात का राहतेस?” असे मला अधूनमधून विचारले जाते. विचारणाऱ्याला टाक आणि शाईचे पेन यांतील फरक ठाऊक नसतो, ते सोडून देऊ. पण उत्तर द्यायला हवे, आणि ते जिन्यात उभे राहून दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून संपादक मंडळाकडे ही पाने मागून घेतली.

प्रथमच सांगते, बॉलपेनला नावे ठेवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. लास्लो बिरो या हंगेरियन गृहस्थांनी १९३८ साली आपल्या बॉलपेनचे पेटंट घेतले आणि जगातल्या असंख्य लोकांची बोटे शाईपासून वाचवली. कार्बन घालून पावती फाडायची तर बॉलपेनच हवे. पावसात भिजणाऱ्या पाकिटावर पत्ता घालायचा तरी तेच बरे. तसेच ‘जुने ते सोने’ असेही मला म्हणायचे नाही. आमच्या घरात जुने पेन नव्हतेच, तर त्याचे सोने कोठून होणार? आजोबा अंगठा उठवीत. वडील चौथीपर्यंत शिकले. घरात आलेले पहिले शाईचे पेन म्हणजे मी अकरावीत असताना घेतलेले. त्यामुळे या पेनाविषयी मला जे काही कळले ते वारशाने आलेले नाही. पेन उघडून, धुऊन, पुन्हा जोडून कळलेले आहे. आणि माझा मुद्दाही तोच आहे. लिहिण्याच्या साधनांत शाईचे पेन असे आहे की ते बिघडले तर उघडून पाहता येते, का बिघडले ते समजते, आणि बहुतेक वेळा घरच्या घरी नीट होते. बॉलपेन बिघडले की आपण ते फेकून देतो. त्याच्या पोटात काय झाले याचा पत्ता आपल्याला कधीच लागत नाही.

माझे पेन मी एसटी स्थानकासमोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून पंचावन्न रुपयांना घेतले. प्लॅस्टिकची नळी, तसलेच टोपण, पोलादी निब, आणि शाई ड्रॉपरने भरायची. त्याच दुकानात काचेच्या कपाटात हजारांच्या घरातली पेनेही आहेत. दुकानदारांची परवानगी घेऊन मी त्यांतली दोन-तीन हातात धरून पाहिली आहेत. नळीचा झगझगीतपणा, टोपणाचा ‘टक्’ असा आवाज, खिशाला अडकवायची पट्टी, सगळे निराळेच. परंतु कागदाला यांपैकी काहीच लागत नाही. कागदाला लागते ते निबेचे टोक, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. पंचावन्न रुपयांच्या पेनाची निब सुटी घ्यावयास गेले तर दहा रुपयांना मिळते. म्हणजे खरे लिहिण्याचे काम दहा रुपयांत होते. उरलेले पंचेचाळीस रुपये शाई साठवण्याचे आणि धरण्याचे.

ही निब म्हणजे काय? पातळ पोलादी पत्र्याचा एक बाकदार तुकडा. मधोमध उभी चीर, चिरेच्या वरच्या टोकाला एक लहानसे भोक. चिरेमुळे निबेची दोन पाती होतात. आपण लिहितो तेव्हा शाई त्या चिरेतून खाली उतरते. चीर सगळीकडे सारखी रुंद नसते. भोकापाशी थोडी मोकळी आणि टोकाकडे निमुळती होत जाते. याला कारण आहे, ते पुढे येईलच. भोकातून हवा आत जाते असे आपण शाळेत ऐकलेले असते. बहुतेक पेनांत हवेचा खरा रस्ता निराळाच असतो. भोकाचे मोठे काम हे की निब दाबली गेली तरी चीर पुढे फाटत जाऊ नये. कापडाला काजे करतात तेव्हा टोकाशी टाका घट्ट करतात ना, जवळजवळ तोच विचार.

पत्र्याची निब ही कल्पना फाउंटन पेनाहून जुनी आहे. आपल्याकडे बोरूने लिहीत, मोडीचे दप्तरच्या दप्तर बोरूने लिहिले गेले. युरोपात पक्ष्याचे पीस छाटून लिहीत. बोरू काय किंवा पीस काय, टोक झिजले की पुन्हा छाटायचे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात जॉन मिचेल यांनी १८२२ च्या सुमारास यंत्राने पोलादी निबा मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली, आणि पुढे ते शहर म्हणजे जगाचा निबांचा कारखानाच झाले. त्या निबा टाकाला लावायच्या. टाक दौतीत बुडवायचा, दोन शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा. शाई पेनाच्या पोटातच ठेवण्याची खटपट त्याच काळात चालू होती. पेट्राके पोएनारू या रुमानियन विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये शिकत असताना १८२७ साली अशा पेनाचे फ्रेंच पेटंट मिळवले. विद्यार्थ्याने! शिकताना भराभर टिपणे काढता यावीत यासाठी त्याने ही युक्ती काढली असे सांगतात, आणि मला ते सहज पटते. पण शाई पोटात ठेवणे सोपे, तिला हवी तेवढीच बाहेर सोडणे कठीण. हे काम जमवून दाखवणारे आणि १८८४ साली त्याचे अमेरिकन पेटंट घेणारे लुई वॉटरमन.

आपल्या देशात स्वदेशीच्या काळात हा उद्योग रुजला. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि वड्या बनवण्यापासून सुरुवात केली. तीच पुढे ‘कॅमलिन’ झाली, जिच्या दौती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आंध्रातील राजमहेंद्री येथे रत्नम यांनी १९३२ पासून पेने बनवली, आणि त्यांच्या पेनाची पोच देणारे गांधीजींचे १९३५ सालचे पत्र प्रसिद्ध आहे. इतिहास एवढा पुरे. मला बोलायचे आहे ते निबेच्या खाली काय असते याविषयी.

निब काढली की तिच्या पोटाशी काळ्या रंगाचा एक दांडा दिसतो. आमच्याकडे त्याला ‘जीभ’ म्हणतात. पूर्वी ती एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असे. आता स्वस्त पेनांत प्लॅस्टिकची असते. जिभेच्या वरच्या अंगाला, निबेला चिकटून, एक बारीक पन्हळ असते. शाई या पन्हळीतून येते आणि निबेच्या चिरेत शिरते. ती का येते? “वरून खाली पडते” हे उत्तर पुरेसे नाही. तसे असते तर पेन उघडताच सगळी शाई वहीवर सांडली असती. शाई ओढली जाते ती केशाकर्षणाने. कंदिलाची वात आठवा. रॉकेल खाली असते, ज्योत वर असते, तरी रॉकेल धाग्याधाग्यांतून चढतेच. जागा जितकी अरुंद तितकी ओढ अधिक. म्हणूनच चीर टोकाकडे निमुळती ठेवतात. शाई मोकळ्या भागाकडून अरुंद भागाकडे आपणहून जाते आणि टोकाशी थांबून राहते. कागद लागला की कागदाचे तंतू त्याहून अरुंद. मग शाई कागदात ओढली जाते. आपण कागदावर शाई घालीत नाही, कागद ती पिऊन घेतो.

आता जेवढी शाई बाहेर गेली तेवढी हवा पोटात गेली पाहिजे, नाहीतर आत पोकळी होऊन शाई अडेल. ही हवा त्याच जिभेच्या वाटेने वर जाते. एकाच चिंचोळ्या वाटेने शाई उतरते आहे आणि हवा चढते आहे. आमच्या गावच्या सकाळच्या एसटीचा दरवाजा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. कंडक्टर शहाणा असेल तर दोन्ही गोष्टी सुरळीत होतात. पेनातला कंडक्टर म्हणजे जीभ. पेन अडते आहे की ओकते आहे याचे कारण दहापैकी सात वेळा जिभेत असते, आणि आपण मात्र निबेला शिव्या देतो.

नवे स्वस्त पेन पहिल्या दिवशी लिहीत नाही, ही तक्रार नेहमीची. कारखान्यात साच्यातून काढताना जिभेला तेलकटपणा राहिलेला असतो, आणि तेलावर पाणी ठरत नाही हे घरातल्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. निब आणि जीभ ओढून काढावी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या कोमट पाण्यात दातांच्या जुन्या मऊ ब्रशाने धुवावी, स्वच्छ पाण्याने साबण घालवावा, सुकवावी आणि परत बसवावी. उकळते पाणी मात्र वापरू नये. प्लॅस्टिक वाकडे होते. एवढे केले की निम्मी ‘खराब’ पेने चांगली होतात. पेन झटकून चालू करण्याची जी सार्वत्रिक पद्धत आहे तिच्याविषयी मी काही लिहीत नाही. आमच्या वर्गाच्या भिंतीच बोलतात.

आता ओकण्याविषयी. ड्रॉपरच्या पेनातून पानाच्या मध्यावरच टपकन एक थेंब पडतो आणि चांगले लिहिलेले पान जाते. हे नेहमी शाई संपत आली असतानाच का होते, याचा मला फार दिवस शोध होता. विज्ञान शाखेतील एका ताईने मला हिशेब करून दाखवला. शाई कमी झाली की नळीत हवा जास्त. समजा, दोन घन सेंटिमीटर हवा आहे. आपल्या मुठीच्या उबेने ती दहा अंशांनी तापली, तर सुमारे तीन टक्क्यांनी फुगते. म्हणजे सहा-सात शतांश घन सेंटिमीटर. एवढी शाई बाहेर ढकलली जाणार, आणि तो बरोबर एक ठळक थेंब होतो. पेन भरलेले असेल तर आत हवाच नाही, मग फुगणार काय? जिभेच्या खालच्या अंगाला कंगव्यासारख्या फटी असतात त्या याचसाठी. जास्तीची शाई त्या धरून ठेवतात. स्वस्त पेनात त्या फटी कमी आणि उथळ असतात, एवढाच काय तो गरिबीचा परिणाम. तेव्हा उपाय सोपा आहे : शाई पाव नळी उरली की भरून घ्यावी, आणि परीक्षेच्या दिवशी तर सकाळीच गळ्यापर्यंत भरावी. आट्यांतून शाई पाझरत असेल तर आट्यांना किंचित व्हॅसलीन लावावे. शाई नळीत, शर्ट स्वच्छ.

यानंतर निबेचे टोक. निब कागदावर खरवडते, अडकते, कागदाचे तंतू उचलते, या सगळ्याचे मूळ बहुधा टोकातच असते. टोकाला एक कठीण धातूचा सूक्ष्म मणी जोडलेला असतो. पूर्वी त्यासाठी इरिडियम आणि ऑस्मियम यांचा मिश्रधातू वापरीत. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनज्ञाने १८०३ मध्ये हे दोन्ही धातू शोधले. इरिडियम वितळायला सुमारे २४५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढा हट्टी धातू कागदाच्या घासण्याला काय दाद देणार? आज अनेक निबांवर ‘इरिडियम’ असा शिक्का असतो, पण मण्यात बहुधा दुसरेच कठीण मिश्रधातू असतात. शिक्का परंपरेने चालत आला आहे, नावापुढच्या ‘रावबहादूर’सारखा. अगदी स्वस्त निबांना मणी नसतोच. पत्र्याचेच टोक मुडपून गोल केलेले असते. अशी निब लवकर झिजते, पण झिजेपर्यंत ती वाईट लिहिते असे नाही.

खरवडणाऱ्या निबेचे रहस्य मला पुस्तकात मिळाले नाही. ते अण्णांनी सांगितले. माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्या फाट्यावर सायकलदुरुस्तीचे दुकान चालवतात. चाक वाकडे फिरू लागले की ते आऱ्या थोड्या थोड्या आवळून चाकाचा ‘आउट’ काढतात. मी एकदा निब घेऊन त्यांच्या दुकानात बसले होते. त्यांनी शेजारच्या घड्याळवाल्यांचे डोळ्याला लावायचे भिंग मागून आणले, निब उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “ह्याला धार लावायची न्हाय. ह्याची दोन तोंडं वर-खाली झाल्यात. आउट काढाय पायजे.” निबेचे एक पाते दुसऱ्याहून केसभर खाली आले होते. आमच्या ‘ग्रामीण साहित्य’ या विषयातील सगळ्या उपमांपेक्षा मला ती उपमा अधिक उपयोगी पडली.

ही वर-खाली झालेली पाती ओळखायची एक देवनागरी युक्ती मी बसवली आहे. आपण अक्षर लिहून झाल्यावर शिरोरेखा डावीकडून उजवीकडे ओढतो. निब नेहमीसारखी हातात धरलेली असताना उभ्या दंडाला काही त्रास नाही, पण शिरोरेखा ओढताना खरवडते आहे, असे असेल तर डावे पाते खाली आलेले आहे. त्याची आतली कड उघडी पडते आणि उजवीकडे जाताना ती कागदात रुतते. याच्या उलट, उजवीकडून डावीकडे नेताना खरवडली तर उजवे पाते खाली. जे खाली आहे ते अंगठ्याच्या नखाने अगदी हलके वर उचलावे, भिंगातून पाहावे, पुन्हा उचलावे. एकदम जोर करू नये. अण्णा आरीसुद्धा पाव फेऱ्याहून अधिक आवळत नाहीत. चाक फिरवून बघतात, मग पुढचा पाव फेरा.

आपली लिपी निबेची परीक्षा रोमन लिपीपेक्षा अधिक कडक घेते असे माझे मत आहे. आपण पेन फार वेळा उचलतो. अनुस्वाराचा ठिपका, मात्रा, रफार, पुन्हा शिरोरेखा. रफार आणि पहिली वेलांटी यांत निब वरच्या दिशेने ढकलावी लागते, आणि ढकलताना निबेचा स्वभाव कळतो. ओढताना सगळ्याच निबा गोड असतात. त्या स्टेशनरीच्या दुकानात पेन चालवून पाहण्यासाठी एक वही दोरीने बांधून ठेवलेली आहे. बहुतेकांनी तिच्यात ‘श्री’ लिहिले आहे, काहींनी सह्या केल्या आहेत, आणि लहान मुलांनी नुसत्या गिरगोट्या काढल्या आहेत. निब पारखण्याच्या दृष्टीने ती मुलेच शहाणी, कारण गिरगोटीत निब चारी दिशांना जाते. मोठ्यांनी ‘श्री’ऐवजी ‘मूर्ती’ लिहावे असे मी सुचवते : उकार, वेलांटी आणि रफार एकाच शब्दात मिळतात.

निब जराशी खडबडीत असेल तर जाड तपकिरी कागदावर, किराणा दुकानातील पिशवीच्या असतो तसल्या, शाई भरलेल्या पेनाने हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा आठचा आकडा काढावा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. लोखंड घासायचा पॉलिशपेपर मात्र निबेला लावू नये. टोक इतके लहान असते की चार घासण्यांत ते नाहीसे होईल.

‘पेन दुसऱ्याला दिले की निब बिघडते’ हा समज सर्वश्रुत आहे, आणि वर्गात पेन न देण्यासाठी त्याचा सोयीस्कर उपयोगही होतो. तो किती खरा? निब लिहिणाऱ्याच्या कोनाप्रमाणे झिजते हे खरे, पण कठीण मणी असलेल्या निबेला त्यासाठी पुष्कळ काळ लागतो. कोणी एका अर्जापुरते पेन घेतले तर कोनाला काहीही होत नाही. खरा धोका दुसराच आहे. बॉलपेनची सवय असलेला माणूस पेन दाबतो. बॉलपेनमध्ये गोळी फिरायला आणि घट्ट शाई उतरायला थोडा दाब लागतोच. शाईच्या पेनाला दाब नको, त्याचे स्वतःचे वजन पुरते. दाबले की पाती फाकतात, आणि फार दाबले की फाकलेलीच राहतात. म्हणून मी पेन देते, पण “दाबू नका” हे दोन शब्दही बरोबर देते.

हा दाबण्याचा विषय माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्यानेच आमच्या घरातले एक काम झाले. आई गावातल्या महिला बचत गटात आहे. गटाला बँकेतून कर्ज घ्यायचे होते, आणि आईने ठरवले की यापुढे अंगठा नाही, सही करायची. अक्षरे तिला ओळखता येत होती. रोज जेवणानंतर मी तिच्यापुढे वही ठेवी. परंतु तिच्या हातात वर्षानुवर्षे खुरपे होते. बॉलपेन ती खुरप्यासारखेच धरी. कागदाला भोके पडत, रेघ थरथरे, बोटे दुखत. “जोर देऊ नको” असे मी किती वेळा म्हटले त्याला गणती नाही. पण जोर किती आहे ते तिला दिसणार कसे? बॉलपेनची रेघ दाबली तरी तेवढीच आणि न दाबली तरी जवळजवळ तेवढीच.

मग मी तिला माझे शाईचे पेन दिले. निब दाबली की पाती फाकतात, चीर रुंद होते, शाई जास्त उतरते आणि रेघ लगेच जाड होते. दाब डोळ्यांना दिसू लागला. पहिल्या दिवशी तिच्या नावाच्या जागी नुसता निळा चिखल झाला. आई हसली आणि म्हणाली, “दाबलं की हे रडतंय गं.” तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती पेन रडू नये म्हणून जपून लिहू लागली. रेघ बारीक होत गेली. दोन आठवड्यांत उभे दंड सरळ आले, आणि शिरोरेखा एका ओढीत यायला लागली. एक निब त्यात कायमची फाकली, हे मान्य केले पाहिजे. दहा रुपये गेले.

बँकेत खिडकीपाशी दोरीला बांधलेले बॉलपेनच होते, आणि तेथे सही त्यानेच करावी लागली. पण हाताला हलकेपणा समजला होता, त्यामुळे ती बॉलपेननेही आली. पाठोपाठच्या तीन कागदांवर तीन सह्या, तिन्ही एकमेकींसारख्या. खिडकीमागच्या गृहस्थांनी त्या जुळवून पाहिल्या आणि काही न बोलता शिक्का मारला. गटातल्या आणखी दोघीजणी सध्या त्या पेनाने गिरवत आहेत.

परीक्षेच्या बाबतीतही हाच नियम लागू होतो. तीन तास बॉलपेन दाबत राहिले की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, ही गोष्ट कला शाखेच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. आपल्याकडे निबंधवजा उत्तरांचा तोटा नाही. शाईच्या पेनाने पेन नुसते धरायचे आणि फिरवायचे एवढेच श्रम. अडचण आहे ती कागदाची. कागद बनवताना त्याला खळ दिलेली असते. ती कमी असेल तर शाई तंतूंतून पसरते आणि पाठीमागे उमटते. ज्या वहीचे पान उजेडाकडे धरले असता ढगाळ दिसते तिच्यावर माझा भरवसा नसतो. अशा कागदासाठी बारीक टोकाची निब आणि कमी वाहती जीभ असलेले पेन वेगळे ठेवावे. माझ्यापाशी अशी दोन आहेत. एकूण भांडवल एकशे दहा रुपये.

शाईविषयी एकच ताकीद. या पेनाची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. चित्रकलेच्या काळ्या शाईत काजळीचे कण आणि लाख असते; ती पेनात भरली की वाळून जिभेची पन्हळ बुजते आणि मग ते पेन माझ्याकडे आणूनही उपयोग नसतो. काजळ आणि डिंक यांची शाई आपले पूर्वज करीत, हिरडा आणि हिराकस यांचीही करीत, पण ती बोरूसाठी होती. हिराकशीची शाई आम्लधर्मी, ती साध्या पोलादाला खात असे. फाउंटन पेनांना चौदा कॅरट सोन्याच्या निबा लावण्यामागे हेही एक कारण होते. आता गंज न चढणारे पोलाद मिळते, त्यामुळे सोन्यावाचून आपले काही अडत नाही. सुट्टीत पेन वापरायचे नसेल तर शाई ओतून, पाण्याने धुऊन, कोरडे करूनच ठेवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जून महिन्यात माझ्याकडे येणारी पेने बहुधा वाळलेल्या शाईचीच असतात. रात्रभर साध्या पाण्यात निब-जीभ बुडवून ठेवली की ती सकाळी बोलू लागतात.

घड्याळवाल्यांचे ते भिंग आता अण्णांनी माझ्यासाठी जुन्या बाजारातून घेऊन दिले आहे. बुधवारी मधल्या सुट्टीत मी वाचनालयाच्या जिन्याखालच्या बाकावर असते. ज्यांचे पेन अडते, ओकते किंवा खरवडते त्यांनी यावे. येताना पेन रिकामे करून आणावे आणि जुने फडके बरोबर असू द्यावे. प्राध्यापकांनीही यावे. त्यांच्यापैकी दोघांची पेने माझ्या डब्यात सध्या आहेत, आणि एकाची निब अजून सापडलेली नाही.